जुना सेन्सर

नवा सेन्सर बसवून तिसरा दिवस,
आणि बुरुलकानची होंडा दोलोनचा घाट
अजून दुसऱ्या गियरमध्येच चढते,
मागे मेंढ्यांचा ट्रक हॉर्न वाजवत.

ती पैसे परत मागत नाही.
हातमोजे काढून बॉनेटपाशी उभी राहते,
दवाखान्यात राहावं तशी.

प्लग काढले: काजळी.
पेट्रोल पोटाला तडस लागेस्तोवर, आणि ताकद नाही.

मग पहाटे, इंजिन गार असताना,
तामिरने सायलेन्सरच्या तोंडात फडकं दाबलं
आणि मी साबणाचं पाणी शिंपडलं
मॅनिफोल्डच्या सांध्यावर.
एक बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

गॅस्केट चिरलेलं. बाहेरची हवा आत घुसायची,
सेन्सर म्हणायचा, हवा जास्त आहे,
आणि इंजिन आणखी पेट्रोल ओतायचं.
दोन्ही सेन्सर तेच म्हणत होते.
चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती,
बत्तीसशे सोमांना.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली,
"सकाळी टिकटिक करते, तापली की गप्प."
हो. सांगितलं होतं. तेव्हा मी
कोड वाचत होतो.

जुना सेन्सर डब्यातच होता, नटबोल्टांत.
पुसून तिच्या हातात दिला.
"ठेव," म्हणालो. "हा चांगला आहे."