मुळांच्या दोऱ्यावर

गोम्बाकच्या ओढ्याकाठी, जिथे दरड आत खचली आहे
आणि मुळं हवेत लोंबतात, ओली, काळी, केसांसारखी,
तिथे दिवस कलताना बा पाण्यात उतरतो.
गुडघ्यापर्यंत. जळवांसाठी पोटऱ्यांना तंबाखू चोळून.
बॅटरीवर लाल कागद.
मग हळूच म्हणतो, "आल्या."

माश्याच त्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या.
पण डोळे डोक्याशी नाहीत.
डोक्यातून दोन काड्या निघतात, डावीकडे, उजवीकडे,
आणि प्रत्येकीच्या टोकाला एक तांबडा थेंब.
कावड घेऊन निघावं कुणी
आणि दोन्ही घागरींत नुसतं पाहणं भरलेलं असावं, तसं.

क्वालालंपूरहून विद्यापीठाचे लोक येतात, वाकतात, मोजतात.
नऊ मिलिमीटरचा नर सापडला त्या रात्री
त्यांनी बाला कॉफी पाजली.
बॅटरी धरायचे त्याला पैसे मिळतात.
डोळ्यांची एवढी मापं घेणाऱ्यांनी
त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पाहिलेला नाही.

एकदा त्याने मला कोश फुटताना दाखवला.
बाहेर आली ती साधीच माशी, चुरगळलेली,
डोळे गालांना चिकटून.
मग ती हवा गिळू लागली,
गिळायची आणि डोक्यात ढकलायची,
आणि काड्या उलगडत गेल्या, मऊ, वाकड्या,
उकडलेल्या शेवयांसारख्या.
"भात शिजेपर्यंतचा वेळ असतो तिला," बा म्हणाला.
"मग वाळतं. जेवढं ताणलं तेवढंच जन्मभर."
मी तेव्हा सतरा वर्षांची होते.
काही बोलले नाही.

रात्री एका दोऱ्यावर एकच नर. खाली त्याच्या माद्या, ओळीने.
दुसरा आला की दोघे समोरासमोर,
पुढचे पाय फाकून, काडीला काडी भिडवून.
ज्याची आखूड, त्याला कळतं.
तो उडून जातो.
शिवी नाही, रक्त नाही.

त्या वर्षी डुरियन पडू लागले
आणि कोलेककाका पारांग घेऊन आमच्या उतारावर आला.
आजोबांनी लावलेली पाच झाडं. कुणाची, ते कुठे लिहिलेलं नाही.
बा झोपडीतून उठला.
त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला
आणि दोन्ही हात पसरले, खांद्यापासून बोटांपर्यंत.
मला हसू आलं. आईला नाही.
काका गोंधळला. पारांग गवतात टेकवला.
मग त्यानेही हात पसरले, का कोण जाणे.
लहानपणी झाडावरून पडून बाचा उजवा हात वाकडा जुळलाय.
वीतभर कमी भरला.
"घे," बा म्हणाला, आणि बाजूला झाला.

तीन दिवस आई त्याच्याशी बोलली नाही.
डुरियनचा वास रात्रभर घरात यायचा,
आणि धप्प.
आणि थोड्या वेळाने पुन्हा धप्प.
आम्ही जागे राहून मोजायचो, आपापल्या अंथरुणात.

आता बॅटरी मी धरते.
उजवा डोळाही धुरकट झालाय त्याचा, पण पाण्यात उतरतोच.
मी आकडे सांगते, तो मान हलवतो.
काल विचारलं त्याने,
"तो खालचा? आखूड काडीचा? परवा हरला तो?"
मी उजेड खाली नेला.
दोरा रिकामा. टोकाला पाण्याचा एक थेंब, पडू की नको करत.
"आहे," मी म्हटलं.