साबणाचा अंश

माटुंग्याच्या प्रयोगशाळेत नळाला जोर यायचा पहाटे तीनला,
म्हणून माझा विषय आधी जागरण होता,
मग द्रवगतिकी.

पुरुषभर उंच काचेचा स्तंभ,
तळाशी सुईएवढं भोक, त्यातून हवा.
रेगे सर म्हणाले, समीकरणं नंतर,
सहा महिने नुसतं बघ.
बघितलं.
बुडबुडा थोडा सरळ जातो, मग नागमोडी,
वाटेत काही आठवल्यासारखा.

उसन्या कॅमेऱ्याची फिल्म भिंतीवर टाकून
पट्टीने मोजायचं.
तीन वर्षं. अकराशे बुडबुडे.
चिपळूणहून आईचं पत्र:
स्थळ आलंय, मुलगी काय करते म्हणून सांगू?
लिहिलं, बुडबुडे मोजते म्हणून सांग.
ते स्थळ पुन्हा आलं नाही.

आणि आकडा चुकत होता.
पुस्तकातला बुडबुडा सेकंदाला तीस सेंटिमीटर चढायचा,
माझा सोळा.
परदेशातून लेख परत आला,
समासात पेन्सिलीने, फार सभ्यपणे: उपकरण तपासावे.

तपासलं.
सुई बदलली, पंप बदलला,
गवंड्याचा ओळंबा आणून स्तंभ सरळ आहे का पाहिलं.
मग एका संध्याकाळी छत्री विसरले म्हणून परत फिरले,
तर हुसेनभाई मुकादम, ज्यांनी तो स्तंभ फुंकून घडवला ते,
स्टुलावर उभे, बाह्या दुमडून,
लांब दांड्याच्या ब्रशाने आतून काच घासतायत.
खाली बशीत धुण्याच्या साबणाची वडी.

"काच लख्ख असली की बाईंना नीट दिसतं," म्हणाले.
रोज?
"रोज. तुम्ही गेल्यावर."

काही बोलले नाही मी.
जिन्यात जाऊन बसले.
रडले असेन, आता आठवत नाही,
वरच्या मजल्यावरून ॲसिटोनचा वास येत होता एवढं आठवतं.

कितीही खंगाळा, अंश राहतो.
तो बुडबुड्याच्या कातडीला चिकटतो,
पाणी त्याला ढकलत बुडाशी नेऊन साचवतं,
आणि पाण्यासोबत घसरणारी ती कातडी
थिजते.
वितभर अंतरावरून दिसतही नाही काही.
फक्त वेग निम्मा.

रेगे सर चार दिवस बोलले नाहीत.
पाचव्या दिवशी म्हणाले,
वाया काही गेलेलं नाही, प्रबंधाचं नाव तेवढं बदल.

त्या बदललेल्या नावावर नोकरी, बढती, दोन पदकं,
हॉलंडातल्या थंड सभागृहात चाळीस मिनिटं,
आणि पाठीमागे एक टोपणनाव, मळकट पाण्याच्या बाई.
आभारात मी लिहिलं होतं:
हुसेन मुकादम, त्यांच्या साबणासाठी.
संपादकाने ओळ गाळली. जागा नव्हती.
हट्ट धरायला हवा होता.
पण तेव्हा मला पुढचा लेख छापून हवा होता.
ते गेले तेव्हाही मी परिषदेतच होते,
कुठल्या, ते शोधावं लागेल.

आता तेजल वायंगणकर, माझी शेवटची विद्यार्थिनी,
पडद्यावर एका दुपारी लाखभर बुडबुडे सोडते.
काच नाही, जागरण नाही,
आकडे पुस्तकाशी दशांशापर्यंत जुळतात.
विचारलं, पाणी कुठलं घेतलंस?
"शुद्ध, मॅम."
म्हटलं, एकेचाळीस वर्षं या शहरात आहे,
ते कुठे मिळतं मला सांग.
हसली. मग थांबली.
मग तिने फाईल पुन्हा उघडली.

शुक्रवारी खोली रिकामी करायची आहे.
स्तंभ भंगारात जाईल, यादीत त्याची किंमत शून्य आहे.
काल धूळ पुसताना खालच्या सांध्यापाशी,
जिथे हुसेनभाईंनी ज्योत फिरवली होती तिथे,
काचेतच अडकलेला एक बुडबुडा दिसला,
मोहरीएवढा.
इतकी वर्षं रोज त्याच्या पलीकडचंच पाहत होते.

पट्टी घेतली. सवयीने.
मग परत खिशात ठेवली.