बेचाळीस सेंटिमीटर

मुलाखतीत राइवो सरांनी विचारलं,
‘इंटिरियर आर्किटेक्चरशी तुमचा आजवरचा संबंध?’
मी म्हटलं, अकरा वर्षं केबिनी पुसल्यात.
ताल्लिन ते हेलसिंकी, हेलसिंकी ते ताल्लिन,
एका फेरीत अठ्ठावीस.
ते हसले नाहीत.
वहीत काहीतरी लिहिलं, खाली रेघ ओढली.

म्हणून मी इथे, एकोणचाळिसाव्या वर्षी, मास्टर्सला.
शेजारच्या टेबलावर मेरिलीस, वय तेवीस.
तिच्या पडद्यावर भिंती विरघळतात,
ऊन मधासारखं ओघळतं जिन्यावरून,
आणि जिन्यावर कुणीच नसतं.
माझ्या ड्रॉइंगमध्ये आधी कोपरे येतात:
जिथे झाडू पोचत नाही,
जिथे ओल चार दिवस हटत नाही,
जिथे दाराआड उभं राहून
माणसाला दोन मिनिटं रडता येतं.

आम्हाला मिळाली कोप्लीतली जुनी धुलाईची इमारत.
अट एकच: बाहेरून काही बदलायचं नाही.
खिडकी हलवायची नाही, छत उचलायचं नाही,
जे करायचं ते आत.
मुलं कुरकुरली. मला अट नवी नव्हती.
भाड्याच्या खोलीत वाढलेल्यांना
ती पाठच असते,
खिळासुद्धा विचारून ठोकायचा.

नोव्हेंबर. साडेतीनला अंधार.
लेझरचा लाल ठिपका भिंतीवर चढत गेला,
सहा पूर्णांक अठरा, सहा पूर्णांक एकोणीस,
भिंतही कुठे सरळ होती.
किल्ली घेऊन आल्या होत्या विर्वे,
एक्याऐंशी वर्षांच्या, इस्त्री विभागात बावीस वर्षं.
मी विचारलं, ‘तुम्ही बसायचात कुठे?’
‘बसायला कुठे काय होतं?’
त्या म्हणाल्या, आणि सरळ चालत गेल्या
उत्तरेच्या भिंतीकडे, वाफेच्या नळापाशी,
कोटाची मागची बाजू सावरली
आणि बसल्या.
न बघता. अंदाजही न घेता.
तीस वर्षं थंड पडलेल्या त्या लोखंडावर
त्यांचे दोन्ही तळवे आपोआप टेकले,
ऊब घ्यायला.

मी टेप काढली.
जमिनीपासून बेचाळीस.

त्या रात्री स्टुडिओत दोन वाजता
पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये मी एक काडी चिकटवली,
उत्तरेच्या भिंतीला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
बाकीचं सगळं काढून टाकलं:
कॅफे, लटकते दिवे, काचेचा मजला.
दिवा खाली धरून आत पाहिलं,
आणि ती जागा जागी झाली.
म्हणजे, मला तसं वाटलं. झोपही आली होती.

परीक्षकांत कोपनहेगनहून आलेले एक गृहस्थ.
‘छान आहे,’ म्हणाले, ‘पण यात संकल्पना कुठे आहे?’
माझ्याकडे चाळीस पानं तयार होती,
स्मृती, पदार्थ, अवकाश, असे शब्द मीही शिकले होते.
तोंडातून निघालं, ‘बेचाळीस.’
मेरिलीसने डोळे मिटून घेतले.
राइवो सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.
रेघ ओढली की नाही, दिसलं नाही.

निकाल जूनमध्ये.

शनिवारी मी परत बोटीवर, घरभाडं काही
डिग्रीसाठी थांबत नाही.
खालच्या डेकवरची केबिन, बिनखिडकीची.
तिथेही पडदा असतो, निळा, दोन पदरी,
आणि पडद्यामागे भिंत.
अकरा वर्षं मी त्याला लबाडी म्हणत आले.
आज चादर बदलताना थांबले,
पडदा बाजूला केला, भिंतीवर हात ठेवला:
पत्रा गार होता, पलीकडून इंजिन घुमत होतं.
कुणीतरी कधीतरी कागदावर बसून
इथे झोपणाऱ्या माणसाचा विचार केला होता.
स्वस्तातला विचार, पण केला होता.
मी पडदा ओढून घेतला, चुण्या सारख्या केल्या.
अजून एकोणीस केबिनी बाकी होत्या.