उलटी शिवलेली पिशवी

दांडिया बाजारात तिला सगळे स्नेहाकाकू म्हणतात.
मूळ नाव स्नेझाना. त्यात बर्फ आहे म्हणे कुठेतरी,
बडोद्याच्या पहिल्याच मे महिन्यात तो विरघळला.
मुकुंद फणसे शिकायला गेले प्लोव्दिवला,
परतले एक पदवी, एक पत्र्याची पेटी आणि हिला घेऊन.
मराठी ती सासूचं बोलते: अगोबाई, मेल्या, पुरे हं.
फक्त 'ळ' अजून वश झालेला नाही.

बहिणीचं पत्र येतं दीड-दोन महिन्यांनी.
मी राज्यशास्त्रात एम. ए. करतोय, म्हणून
ते मला ऐकावं लागतं,
ती शेपू निवडता निवडता जमेल तसं मराठी करते.

लिल्याना सिगारेटच्या कारखान्यात होती.
पाळणाघर कारखान्याचं, दातांचा डॉक्टर कारखान्याचा,
ऑगस्टातले समुद्रावरचे दहा दिवसही,
पक्षाच्या खोलीतून चिठ्ठी मिळाली तर.
"आणि नाही मिळाली तर?"
"तर पुढच्या ऑगस्टात. मधे तोंड उघडलं नाही तर."

मग तो पक्ष गेला. दुसरे आले, म्हणाले,
बाप वारला, आता आपापल्या पायांवर उभ्या राहा.
लिल्यानाचा एक पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता.
पाळणाघरात टायरचं दुकान निघालं.
मग पहिल्यांचीच मुलं आली. हनुवटी तीच,
भाषा मात्र दुसऱ्यांची: कर सर्वांना एकच,
मालकाला आणि झाडूवालीला.
मग एक आला, तो म्हणाला, पैसे देऊ,
पण आपल्या आयांना. नदीपलीकडच्या वस्तीतल्या नव्हेत.
लिल्यानाची मुलगी नदीपलीकडे दिलेली.
कोळशाची मदत अजून येते,
निवडणूक जवळ असली की जरा लवकर येते.

मी तक्ता केला. चार रकाने, चार पक्ष,
कोणी काय दिलं, कोणाला, कोणाकडून काढून.
सरांनी समासात बरोबरची खूण केली.
काकूंनी चष्मा पुसला, बोटाने रेघा चाचपल्या.
"छान आखलंयस. पण या भिंती कोणी घातल्या?
लिल्यानाने चौघांनाही मत दिलंय."
मला काही सुचेना. मी शेपूच्या काड्या उचलल्या.

मुकुंदकाका गेल्यावर ती रेशनच्या रांगेत उभी राहते,
गोरी, वाकलेली, सुती साडीत.
नवा दुकानदार दर वेळी आधार कार्ड दोनदा बघतो.
यंत्राला तिचा अंगठा पटत नाही, कारण
चाळीस वर्षं या अंगठ्याने लसूण सोलला आहे.
मग फोन, मग आकडा, मग गहू.
गव्हाबरोबर पिशवी: फुकट, जाड, आणि तिच्यावर
हात जोडलेला एक हसरा चेहरा.
मागच्या पिशवीवर दुसरा होता. तोही हसराच.

त्या पिशवीत जिरं, हळद, दोन मऊ पंचे घालून
तिने लिल्यानासाठी पार्सल केलं.
आधी पिशवी उलटी केली, शिवण उसवून पुन्हा घातली.
"उगाच कशाला," म्हणाली, "तिथे टपालवाले विचारतील."

उत्तर आलं थेट दिवाळीनंतर.
गुडघा तसाच. जिऱ्याचा वास सगळ्या जिन्याला.
कोळसा अजून नाही, निवडणुकीला अवकाश आहे.
आणि खाली, तिरक्या अक्षरात,
काकू वाचताना दोनदा थांबली, मग हसूच लागली:
"पिशवीतून कोणीतरी आरपार दिसतं गं.
कोण आहे तो? ओळखीचा वाटतो."