पायाखालची मडकी

मी आलो होतो स्टेजवर फरशी बसवायला.
बारा बाय बारा, चॉकलेटी, डाग न दिसणारी.
कागदावर होतं : नाट्यमंदिर, किरकोळ दुरुस्ती,
खाली ग्रामसेवकाची गोल सही.

हातोडी ठोकून पाहिली. पोकळ.
म्हटलं, दोन ट्रॉली मुरूम टाकू, दबाई करू, मग फरशी.
तेव्हा विंगेतल्या अंधारातून ईस्तारी नाकाडे उठला,
चाळीस मंडया ज्यानं गॅसबत्तीला हवा भरली तो,
अन् म्हणाला,
भरू नोको बाबू. खाली मडकी हायेत.

एक फळी उचकटली. साग.
खिळा वाकला, लाकूड नाही.
आत ओळीनं एकवीस मडकी
सत्तर वर्षांपासून आ वासून बसलेली.

कोणी पायलीभर धान दिलं होतं, कोणी बंडीभर माती,
ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं घरचं मडकं.
माईक नव्हता तेव्हा.
लुगडं नेसून दामाजी गहाणे पाय आपटायचा
अन् बोडीच्या पल्याड
धान राखत झोपलेला माणूस
उठून बसायचा.

तीन मडकी तडकलेली.
एकात घुंगरू, बिडीचं थोटूक,
अन् उंदरानं ओढून नेलेला प्रॉम्टरचा कागद :
'महाराज, आता तरी'
एवढंच.
पुढच्या वाक्याचं घरटं झालं होतं.

साहेबाला फोन लावला.
साहेब म्हणाला, मडकी एस्टिमेटमध्ये नाहीत.

सायत्रा कुंभारीण टोपल्यात पाच घेऊन आली.
बोटाचं पेर वाकवून टिचकी मारली,
कान लावला.
हे पान्याचं. हे बी पान्याचं.
हे घे, हे बोलते.
तिघं निघाले बोलणारे.
पैसे म्हटलं तर म्हणाली, मंडईत पुढची चटई राखून ठेव मायासाठी.

फरशी बाहेरच्या पायऱ्यांना गेली.
बिलात फरशी आहेच; कुठं लागली ते कोणी विचारलं नाही.
आठ दिवस कवेलू फेरले, फुटके बदलले,
वाळवीच्या दोन खांबांना नवा बुडखा जोडला.

शेवटची फळी ठोकून झाली.
ईस्तारी म्हणाला, आपट पाय.
मी गवंडी माणूस, आयुष्यात तोंडाला रंग नाही लावला.
इकडं तिकडं पाहिलं
अन् आपटला.

बोडीपल्याड कोणी उठलं का, ठाऊक नाही.
तिथं आता राईस मिल आहे, रात्रंदिवस चालते.
पण माझ्या दाढेपर्यंत आला तो आवाज.
मी तसाच उभा.

मागच्या अंधारातून ईस्तारी म्हणाला,
हं. पुढचं म्हन.