पाचशे मीटर

स्टेशनच्या ठिपक्यावर कंपासचं टोक टोचलं
आणि पाचशे मीटरचा गोल काढला.
ऑफिसात एवढंच काम होतं. एसीत.

आता मे महिन्यात, दुपारी दोनला
तोच गोल पायी चालतोय,
हातात टेप, काखेत फॉर्म,
डोक्याला ओला दुपट्टा.

गुणवंता बोकडे, कूलरवाले.
वाळ्याच्या ताट्या पिलरला टेकवलेल्या,
पंप बादलीत बुडवून तपासणं सुरू.

"जागा किती स्क्वेअर फूट?"
"कोन्या टायमाची सांगू, साहेब?
सकाऊन पिलरच्या इकडे बसतो, दुपारून तिकडे.
सावली सरकली का दुकान सरकते.
अन् दिवाळीनंतर कूलर कोन घेते?
तवा रजया भरतो."

फॉर्मात रकाना एकच आहे.

वरून गाडी गेली.
बादलीतलं पाणी जरासं हललं, त्यानं वर पाहिलंही नाही.

मेट्रोनं धंदा बुडाला असेल, मीच म्हणालो.
"बुडते कायले? पत्ता भेटला ना बाप्पा!"
खिशातून कार्ड काढलं, घामानं मऊ झालेलं.
नावाखाली छापलंय:
पिलर नंबर एकशे बेचाळीस, सावलीत.

माझ्या नकाशात ही जागा पिवळी आहे.
पिवळी म्हणजे आठ मजले, खाली पार्किंग,
पुढे झाडं. झाडं दुसऱ्या टप्प्यात.

त्यानं नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा.
"याची सावली कोनीकडं पडन?"

मला सांगता आलं नाही.
उत्तरेचा बाण मी नेहमी सगळ्यात शेवटी काढतो,
कोपऱ्यात, जागा उरली तर.