साल

नऊ सालं थांबावं, तेव्हा एक साल निघते.
ओकच्या झाडाला घाई समजत नाही,
अलेंतेजूच्या या उतरणीवर तर नाहीच.

माझं काम सोपं. गडी साल सोलून पुढे गेले
की उघड्या लाल खोडावर पांढऱ्या रंगानं
सालाचा शेवटचा आकडा घालायचा.
डबा, ब्रश, आणि दिवसाची ठरलेली मजुरी.

आधी मुकादम बेल्मिरो होता.
मजुरी वाढवून मागितली की आभाळाकडे बघायचा,
जसे काही पैसे तिकडून यायचेत.
पण कुऱ्हाडीचा आवाज त्याला पाठमोरा कळायचा.
पोकळ आला, तर साल सुटतेय.
कोरडा आला, तर : "सोड त्याला. अजून तयार नाही."
आणि एखादी साल दारासारखी अख्खी निघाली
तर तो टोपी मागे सारायचा. बस्, तेवढंच.
त्या टोपीसाठी एर्मिनियू दिवसभर राबायचा, मी पाहिलंय.
रात्री त्याच टोपीला शिव्या द्यायचा, तेही ऐकलंय.

चौदा साली तेल्मू आला, इंजिनिअर.
गोड बोलायचा, सगळ्यांशी हात मिळवायचा.
ट्रॅक्टरला काटा टांगला : जितके किलो, तितके पैसे.
खोटं कशाला बोलू, पैसे चांगले आले.
एर्मिनियूनं पुढचे दात बसवले,
कित्येक वर्षांनी तोंड उघडून हसला.
बेल्मिरोच्या टोपीनं दात आले नसते.

पण कुऱ्हाडीचं कुणी ऐकेना.
कोरडा आवाज आला, तरी वर दुसरा घाव.
एका झाडाला दोघांनी जायचं, ही जुनी रीत;
आता दोघांत भांडण, यातले माझे किलो किती?
दुपारी पाव आणि ऑलिव्ह चघळत
जो तो काट्याकडे बघत बसायचा.
खोडांवर चिरा पडल्या, आतल्या मांसापर्यंत.
तेल्मू वहीत आकडे लिहायचा. मी झाडावर.
चार. चार. चार. चिरेच्या वर, चिरेच्या शेजारी,
एकदा तर चिरेवरच.
माझी मजुरी काही किलोवर नव्हती,
तरी मी गप्प राहिले.
झाडाची तक्रार यायला नऊ सालं लागतात.

ती यंदा आली.
जुना चार सालीसकट सुटून हातात येतो,
आणि चिरेच्या जागी गाठ. तिथे साल फाटते,
तुकडे पडतात, बुचालाही लागत नाहीत.
तेल्मू केव्हाच लिस्बनला गेला, मोठ्या पगारावर.

आता झुल्मिरा बाई आहेत.
पहिल्याच दिवशी विचारलं,
"तुम्हाला किती मिळायला हवं?"
सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत राहिले.
मग एर्मिनियूनं आकडा सांगितला. मोठा.
कुऱ्हाडीच्या दांड्यानं खोड ठोकलं, आणि म्हणाला,
"आणि हे ऐकायला कोण उभं राहणार, तेही ठरवा."
बाई म्हणाल्या, बघते.

मी डबा ढवळतेय.
यंदाचा आकडा तीन.